चार कागदांतून निसटलेले एक क्षेपणास्त्र

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राची खबर शेजारी देशाला कशी आणि किती लवकर द्यायची, याविषयी हे पत्र आहे; सुरुवात मात्र नेमाने पाळल्या जाणाऱ्या एका करारापासून करतो. दरवर्षी १ जानेवारीला आतल्या पानावर तळाशी दोन-तीन ओळींची एक बातमी असते. भारत व पाकिस्तानने आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांच्या हवाली केल्या, दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी. त्याच दिवशी कैद्यांच्या याद्याही दिल्या-घेतल्या जातात. त्या यादीकडे पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर निदान काही घरे डोळे लावून बसलेली असतात, कारण समुद्रात पकडलेल्या मच्छीमारांची नोंद तिच्यात असते. अणुप्रकल्पांच्या यादीची वाट कुणीच पाहत नाही. ती गोपनीय असते, पाकिटातून येते आणि पाकिटातच राहते.

तिच्यामागचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला झाला, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो पंतप्रधान असताना. तो लागू झाला २७ जानेवारी १९९१ पासून आणि पहिली यादी हाती पडली १ जानेवारी १९९२ रोजी. मधल्या काळात कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झाले, बालाकोट झाले. यादी चुकली नाही. २०२५ची देवाणघेवाण सलग ३४वी होती. यादीत वीज तयार करणाऱ्या व संशोधनाच्या अणुभट्ट्या, इंधन तयार करणारे कारखाने, युरेनियम समृद्धीकरणाचे आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारे प्रकल्प, किरणोत्सारी पदार्थांचा मोठा साठा असलेल्या जागा यांचे अक्षांश-रेखांश द्यायचे असतात. ही व्याख्या वाचली की आपल्याला तारापूर आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आठवणारच. कोणती जागा यादीत घालायची हे ज्याचे त्याने ठरवायचे, तपासणीची सोय नाही. तरीही या कागदाचे मोल मोठे आहे. युद्धात अणुवीज केंद्रांवर हल्ला करू नये असे सांगणारा जिनिव्हा करारांचा १९७७ चा जोड-करार भारताने स्वीकारलेला नाही, आणि पाकिस्तानने सही करून पुढे मान्यता दिलेली नाही. तेव्हा तारापूरच्या वापरलेल्या इंधनाच्या तलावावर बॉम्ब टाकू नका, असे थेट पाकिस्तानला बांधून घालणारा कागद १९८८चाच. युक्रेनमधले झापोरिझ्झियाचे अणुवीज केंद्र मार्च २०२२ पासून रशियन सैन्याच्या ताब्यात आहे आणि जून २०२५ मध्ये इराणच्या नतान्झ, फोर्दो, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर मारा झाला. अशा काळात शेजाऱ्याशी असा करार असणे ही काही थोडकी गोष्ट नव्हे.

मे २०२५ मध्ये त्याची परीक्षा झाली. पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ला झाल्यावर, जवळच्या किराणा टेकड्यांवरही भारताने मारा केल्याच्या वावड्या समाजमाध्यमांवर उठल्या; त्या टेकड्यांत पाकिस्तानची अण्वस्त्रे ठेवलेली आहेत असे म्हटले जाते. १२ मे रोजी एअर मार्शल ए. के. भारती यांना पत्रकारांसमोर सांगावे लागले की, किराणा टेकड्यांवर आम्ही मारा केलेला नाही. पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग झालेला नाही, असा खुलासा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही केला.

पण हा करार जाणूनबुजून केलेल्या हल्ल्याविषयी आहे. चुकून सुटलेल्या अस्त्राचे काय, हा या पत्राचा विषय आहे. ही काल्पनिक भीती नव्हे, हे एकदा घडून गेले आहे.

९ मार्च २०२२. पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलेला तपशील असा: त्यांच्या घड्याळाने संध्याकाळी ६ वाजून ४३ मिनिटांनी सिरसाच्या परिसरातून एक वेगवान वस्तू उडाली. आधी तिचा रोख राजस्थानातल्या महाजन गोळीबार क्षेत्राकडे होता. मग ती वळली, सीमा ओलांडून १२४ किलोमीटर आत शिरली आणि ६ वाजून ५० मिनिटांनी खानेवाल जिल्ह्यातल्या मियाँ चन्नूजवळ कोसळली. उंची ४० हजार फूट. तिच्यावर स्फोटके नव्हती, जीवितहानी झाली नाही. उड्डाण ते आदळणे, सगळा खेळ सात मिनिटांचा.

आपले पहिले अधिकृत निवेदन आले ११ मार्चला, म्हणजे पाकिस्तानची पत्रकार परिषद होऊन गेल्यानंतर. नियमित देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाडामुळे क्षेपणास्त्र चुकून सुटले, असे त्यात म्हटले होते. १५ मार्चला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी संसदेत निवेदन केले. २३ ऑगस्टला हवाई दलाने ते ब्राह्मोस असल्याचे आणि केंद्र सरकारने तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केल्याचे सांगितले, आणि कारण दिले ते ठरलेली कार्यपद्धती सोडून वागल्याचे. मार्चमध्ये दोष यंत्राचा होता, ऑगस्टपर्यंत तो माणसांवर आला.

पुढे हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकारी उत्तरातून जे बाहेर आले ते या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. फिरत्या लाँचरवर चढवलेल्या क्षेपणास्त्रांचे कॉम्बॅट कनेक्टर, म्हणजे सुटण्याचा हुकूम क्षेपणास्त्रापर्यंत नेणारी जोडणी, जंक्शन बॉक्सला जोडलेलेच होते. हे लढाऊ पथकाला ठाऊक होते, तरी लाँचरच्या प्रमुखाला क्षेपणास्त्र सोडण्यापासून रोखले गेले नाही, असे सरकारचे म्हणणे. तिजोरीचे नुकसान २४ कोटी रुपये. बडतर्फ अधिकाऱ्यांची बाजू वेगळी आहे आणि दोष कुणाचा हे न्यायालय पाहील. मला दिसतो तो जोडलेला कनेक्टर. आपल्याकडचा साधा वायरमन खांबावर चढण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो. खाली कुणी गैरसमजाने बटण दाबले तरी तारेत वीज येऊ नये, एवढाच त्यामागचा हिशेब. शिस्त, प्रशिक्षण, वरिष्ठांची नजर हे सगळे असूनही चूक होणार हे तो गृहीत धरतो. सरावात किंवा तपासणीत क्षेपणास्त्राची जोडणी हाताने, डोळ्यांना दिसेल अशी तोडलेली असेल, तर सुटण्याचा हुकूम गेला तरी तो पोचत नाही. निव्वळ वहीतल्या कार्यपद्धतीवर भिस्त ठेवली की कधीतरी संध्याकाळी सात वाजता ती वही कुणीच उघडत नाही.

सुटलेले क्षेपणास्त्र मध्येच नष्ट करता आले नसते का, असे तेव्हा अनेकांनी विचारले होते. चाचणीच्या क्षेपणास्त्रात जमिनीवरून संदेश देऊन उड्डाण संपवण्याची सोय बसवलेली असते. तैनात क्षेपणास्त्रात ती सहसा ठेवत नाहीत, कारण तोच संदेश शत्रूच्या हाती लागला तर अस्त्र निकामी होते. त्यामुळे एकदा सुटले की सुटले. हातात उरतो फक्त फोन.

आता फोनच्या पलीकडच्या माणसाचा विचार करा. रडारवर एक ठिपका दिसतो. ब्राह्मोस हे क्रूझ, म्हणजे विमानासारखे शेवटपर्यंत इंजिनाच्या जोरावर उडणारे क्षेपणास्त्र. अशा क्षेपणास्त्राच्या डोक्यात साधी स्फोटके आहेत, अण्वस्त्र आहे की काहीच नाही, हे ठिपका सांगत नाही. भारताचे ब्राह्मोस पारंपरिक अस्त्र म्हणून तैनात आहे हे आपल्याला ठाऊक; समोरच्याने ते सात मिनिटांत गृहीत का धरावे? स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या जानेवारी २०२५च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे आहेत. अण्वस्त्राचा पहिला वापर करणार नाही, असे भारताने ४ जानेवारी २००३च्या निवेदनात लिहून दिले आहे. पाकिस्तानने तसे वचन दिलेले नाही. म्हणून आपल्या हातून झालेल्या चुकीचा अर्थ तिकडचा अधिकारी काय लावतो, याची काळजी आधी आपणच करायला हवी. आणि उलटही लागू आहे. पाकिस्तानचे एखादे बाबर क्षेपणास्त्र वाट चुकून भूजजवळ पडले आणि इस्लामाबादने दोन दिवस तोंड उघडले नाही, तर आपल्या वाहिन्यांवर त्या दोन रात्री काय चालेल ते सांगायला नको.

बरे, कागदांची वाण होती असेही नाही. ६ एप्रिल १९९१चा हवाई हद्दीविषयीचा करार आहे. लढाऊ विमाने दुसऱ्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत आणायची नाहीत, आणि नजरचुकीने हद्द ओलांडली तर त्वरित चौकशी करून समोरच्या हवाई दलाला निष्कर्ष कळवायचा. तो विमानांसाठी आहे. क्षेपणास्त्र त्यात बसत नाही. २१ फेब्रुवारी २००७चा करार अण्वस्त्रांशी संबंधित अपघातांविषयी आहे. परराष्ट्र सचिवांची व लष्करी कारवाई महासंचालकांची हॉटलाइन वापरून ताबडतोब कळवा, असे तो सांगतो. २०१२ आणि २०१७ मध्ये त्याची मुदत पाच-पाच वर्षांनी वाढवली गेली. पण मियाँ चन्नूला पडले ते अण्वस्त्र नव्हते, तेव्हा त्याचाही दरवाजा बंद. ३ ऑक्टोबर २००५चा करार क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याविषयी आहे, पण तो जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक, म्हणजे रॉकेटाने उंच फेकली जाऊन मग आपल्या वजनाने खाली येणाऱ्या क्षेपणास्त्रांपुरता. ब्राह्मोस क्रूझ, आणि ती चाचणीही नव्हती.

राहिला लाहोरचा सामंजस्य करार, २१ फेब्रुवारी १९९९चा, वाजपेयींच्या बसयात्रेतला. त्याची शब्दरचना सर्वांत ऐसपैस आहे. अपघाती, अनधिकृत किंवा उलगडा न होणारी एखादी घटना घडली आणि तिच्यातून दोघांनाही हानी किंवा अणुयुद्ध उद्भवू शकत असेल, तर एकमेकांना ताबडतोब कळवायचे आणि अशा घटनेचा समोरच्याकडून चुकीचा अर्थ लागू नये अशी व्यवस्था करायची. ९ मार्चची संध्याकाळ या वाक्यात नेमकी बसते, असे माझे मत आहे. पण ‘ताबडतोब’ म्हणजे किती मिनिटे, फोन कुणी करायचा, काय सांगायचे, समोरून कुणी उचलायचा, यातले काहीच त्या कागदावर नाही. सरकारी भाषेत ताबडतोब म्हणजे फाइल पुढे सरकली की. त्या आठवड्यात ती दोन दिवसांनी सरकली.

२००५चा करार मला या चौघांत सर्वांत कामाचा वाटतो, कारण त्यात आकडे आहेत. चाचणीच्या किमान तीन दिवस आधी कळवायचे, उड्डाणासाठी पाच दिवसांचा अवधी सांगायचा. सोडण्याची जागा आंतरराष्ट्रीय सीमा किंवा नियंत्रण रेषेपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची नियोजित जागा ७० किलोमीटरच्या आत नको, आणि वाटेतही सीमेपासून ४० किलोमीटरचे अंतर राखायचे. हे पाळले जाते, युद्धज्वराच्या काळातही पाळले गेले आहे. आकडा असला की बाबू लोक तो पाळतात; नसला की अर्थ लावत बसतात.

क्रूझ क्षेपणास्त्रे मात्र त्यातून पहिल्या दिवसापासून बाहेर आहेत, आणि याची किंमत पहिल्याच आठवड्यात कळली होती. कराराचा मसुदा ऑगस्ट २००५च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत ठरला. ११ ऑगस्टला पाकिस्तानने बाबर या क्रूझ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी केली आणि भारताला कळवले नाही. करारात क्रूझ येत नाही, असे त्यांचे उत्तर होते आणि ते अक्षरशः खरे होते. आपल्याकडेही ब्राह्मोस जून २००१ मध्येच उडाले होते, तेव्हा ही फट कुणाच्या लक्षात आली नसेल असे मानायला मी तयार नाही. दोघांनाही ती सोयीची होती. तेव्हा क्रूझ म्हणजे दोन्हीकडे मूठभर अस्त्रे होती. आज पाकिस्तानकडे बाबर आणि विमानातून सुटणारे राद आहेत, दोन्ही अण्वस्त्र वाहू शकणारी. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी ७५० किलोमीटर पल्ल्याच्या फतह-४ची चाचणी केली; हे पारंपरिक अस्त्र म्हणून सांगितले जाते आणि ऑगस्टमध्ये घोषणा झालेल्या वेगळ्या रॉकेट दलाच्या दिमतीला असेल. म्हणजे जमिनीलगत उडणारी, वळणे घेणारी, उशिरा दिसणारी दोन अस्त्रे: एकात अण्वस्त्र असू शकते, दुसऱ्यात नाही, आणि रडारवर दोघांचा ठिपका तोच.

पूर्वसूचना दिली म्हणजे भागले असेही समजू नये. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेतल्या आंदोया बेटावरून उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक संशोधन रॉकेट सोडले. नॉर्वेने रशियासह अनेक देशांना कित्येक दिवस आधी कळवले होते. ते पत्र मॉस्कोत पोचले, पण रडारवर बसलेल्यांपर्यंत गेले नाही. रॉकेट पाणबुडीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्रासारखे दिसले आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रे सोडण्याच्या हुकमाची पेटी उघडली गेली. नॉर्वेकडून काही राहिले नव्हते. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला नव्हता.

आपल्याकडे त्या टेबलांची अवस्था काय आहे? २००५च्या करारातली सूचना परराष्ट्र मंत्रालये आणि उच्चायुक्तालये यांच्यामार्फत जाते. ऑगस्ट २०१९ पासून दोन्ही राजधान्यांत उच्चायुक्तच नाहीत, प्रभारी अधिकारी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही उच्चायुक्तालयांतले लष्कर, नौदल आणि हवाई दलाचे सल्लागार परत गेले, ती पदेच रद्द झाली आणि कर्मचाऱ्यांची संख्या ५५ वरून ३० वर आली. पहलगामनंतर जे केले त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परिणाम ध्यानात घ्यायला हवा: क्षेपणास्त्राविषयीचा निरोप वाचून त्याचा अर्थ वर्दीतल्या माणसाला तत्काळ समजावू शकेल असा हवाई दलाचा अधिकारी आज कोणत्याच उच्चायुक्तालयात बसलेला नाही. चालू आहे तो लष्करी कारवाई महासंचालकांचा फोन, १९७१ पासूनचा. १० मे २०२५ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या बाजूने याच फोनवर संपर्क झाला आणि संध्याकाळी ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचे ठरले. चालतो तोच फोन वापरावा.

म्हणून परराष्ट्र व संरक्षण खात्यांनी करण्यासारखे दोन बदल आहेत. २००५च्या करारात जमिनीवरून सुटणारी क्रूझ क्षेपणास्त्रे घ्यावीत, निदान ठरावीक पल्ल्याच्या वरची, आणि तीच तीन दिवसांची, ४० व ७० किलोमीटरची अट त्यांना लावावी. यात गुपित काय फुटते? चाचणीच्या आधी विमानांसाठी आणि जहाजांसाठी धोक्याच्या सूचना काढाव्याच लागतात. आपल्या समुद्राची सूचना डेहराडूनहून निघते, पाकिस्तानची त्यांच्या जलमापन विभागाकडून, आणि जगभरचे हौशी लोक नकाशावर ते चौकोन काढून कोणते अस्त्र उडणार याचा अंदाज बांधतात. जे हौशी माणसाला कळते ते शेजारच्या हवाई दलाला अधिकृतपणे कळवण्यात गमावण्यासारखे फार नाही. ब्राह्मोस जहाजावरून, विमानातून वारंवार सोडले जाते, प्रत्येक वेळी कुठे कळवत बसायचे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुरुवात जमिनीवरच्या लाँचरपासून.

दुसरा बदल अपघाताचा. अण्वस्त्र असो वा नसो, कोणतेही क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि सीमेकडे गेले तर सोडणाऱ्या बाजूने महासंचालकांच्या हॉटलाइनवर १० मिनिटांत कळवायचे, असा आकडा कागदावर यावा. सात मिनिटांत ते पडून गेलेले असेल हे मान्य. पण उत्तर द्यायचे की नाही हा निर्णय पडल्यानंतरच होतो आणि त्याच वेळी फोन वाजायला हवा. बोलायचे वाक्य आधीच छापून ठेवावे, फक्त जागा भरायच्या: किती वाजता सुटले, कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या दिशेने, डोक्यात स्फोटके आहेत की नाहीत, अण्वस्त्र नाही, मागून आणखी काही येत नाही. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. एकटे क्षेपणास्त्र अपघात असू शकते. दुसरे येणार का, हाच तिकडच्या खोलीतला प्रश्न असतो. राजकीय परवानगीसाठी दिल्लीत फोन फिरवत बसलो तर १० मिनिटे तिथेच संपतील, म्हणून एवढे बोलण्याचा अधिकार महासंचालकांना आधीच दिलेला असावा. माफी, चौकशी, नुकसानभरपाई, ‘आम्ही खेद व्यक्त करतो’ हे सगळे नंतर, सावकाश, मंत्रालयाने आपल्या भाषेत करावे.

खोटी सूचना देऊन खराच हल्ला लपवला तर? हा आक्षेप ऐकायला धारदार आहे, पण टिकत नाही. अपघात म्हणून कळवलेले एक क्षेपणास्त्र खरे निघाले तरी समोरच्याची सगळी अस्त्रे शाबूत असतात. त्याने आपले काहीच गमावलेले नसते आणि फसवणाऱ्याचा शब्द कायमचा संपतो.

अमेरिका आणि रशियाचे संबंध आज किती ताणलेले आहेत ते सांगायला नको. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी रशियाने दोघांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट करारातला सहभाग थांबवला. तेव्हाही, ३१ मे १९८८च्या कराराप्रमाणे क्षेपणास्त्र उड्डाणाची सूचना देत राहू, असे मॉस्कोने जाहीर केले. ती सूचना २४ तास माणसे बसवलेल्या केंद्रांमधून जाते, वकिलातीच्या टपालातून नाही. भारतही जून २०१६ पासून बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा प्रसार रोखण्यासाठीच्या हेगच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत आहे आणि बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देण्याचे बंधन तिथे त्याने स्वीकारलेले आहे; पाकिस्तान तिच्यात नाही. म्हणजे सूचना देण्याला आपला तात्त्विक विरोध आहे अशातला भाग नाही.

लष्करी अधिकारी या हॉटलाइनवर वर्षानुवर्षे दर मंगळवारी बोलत आले आहेत. अपघाताचा तो छापील मजकूर, वर ‘सराव’ असा शब्द लिहून, एखाद्या मंगळवारी वाचून दाखवायला दोन मिनिटे लागतील. समोरच्याने तो नीट ऐकला का, कुठल्या शब्दाला अडखळला, ‘अण्वस्त्र नाही’ हे वाक्य त्याने तसेच परत म्हणून दाखवले का, एवढे टिपून घ्यावे आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा वाचावे.

आपला,
एक वाचक, पुणे